विमानतळावरची गाडी आणि बऱ्हाणपूरची वाट

मराठी मनुष्य गाडी 'भाड्याने घेतली' असे सहसा म्हणत नाही. गाडी 'केली' असे म्हणतो. लग्नाला गाडी केली, पंढरपूरला जावयास गाडी केली, आजाऱ्याला इस्पितळात न्यावयाचे म्हणून रातोरात गाडी केली. या साध्या क्रियापदात बराच अर्थ साठविलेला आहे. गाडी करणे म्हणजे एक यंत्र काही तासांपुरते ताब्यात घेणे नव्हे. ती हाकणारा मनुष्य, त्याचे वाटेचे ज्ञान, आणि त्या मनुष्याविषयी शब्द देणारा कोणी तिसरा, हे सर्व त्यात गृहीत धरलेले असते. गावात हा तिसरा मनुष्य वेगळा दिसत नाही, कारण तो जागोजाग असतो. चौकातला पानवाला गाडीवाल्याला ओळखतो, गाडीवाल्याचा भाऊ आपल्या भावाबरोबर शिकलेला असतो, आणि काही कमीजास्त झाले तर कोणाच्या दारात जाऊन बसावयाचे हे सर्वांना ठाऊक असते. आंतरराष्ट्रीय विमानतळाच्या काचेच्या दारातून पहाटे तीन वाजता बाहेर पडणाऱ्या उतारूच्या बाबतीत नेमका हा तिसरा मनुष्य नाहीसा होतो. परक्या शहरात भाडे किती पडेल, ही चिंता त्या मानाने दुय्यम होय. चालकाबद्दल जबाब कोण देणार, हा खरा प्रश्न असतो.

हा प्रश्न आजचा नाही, आणि बऱ्हाणपूरच्या लोकांना तर तो मुळीच नवा नाही. सतराव्या शतकात पश्चिमेकडून हिंदुस्थानात येणाऱ्या परदेशी माणसाचे मोठे उतरण्याचे ठिकाण म्हणजे सुरत बंदर. आज सहारच्या विमानतळावर जे होते तेच तेथे होई: जहाजातून उतरावयाचे, जकातघरात झडती द्यावयाची, आणि बाहेर पडून आग्ऱ्यापर्यंतच्या प्रवासासाठी वाहन शोधावयाचे. आग्ऱ्याला जाणाऱ्या दोन मुख्य वाटांपैकी एक अहमदाबादेवरून जाई आणि दुसरी बऱ्हाणपुरावरून. इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो हा १६१५ च्या सप्टेंबरात सुरतेस उतरला, झडतीवरून तेथील अधिकाऱ्यांशी त्याचे बरेच वाद झाले, आणि नोव्हेंबरात नंदुरबार, थाळनेर, चोपडा, रावेर अशा मुक्कामांनी तो बऱ्हाणपुरास पोहोचला. तेथे त्या वेळी शाहजादा परवीझ याचा दरबार होता. सराईत त्याला ज्या चार खोल्या मिळाल्या त्या भट्टीएवढ्या आणि भट्टीच्याच आकाराच्या असल्याची तक्रार त्याने रोजनिशीत नोंदविली आहे. ज्या वाटेने तो आला ती वाट अजून चालू आहे. अंकलेश्वर–बऱ्हाणपूर मार्गावर चोपडा, यावल, फैजपूर, सावदा, रावेर करीत जाणारी एस. टी. बरीचशी त्याच वाटेने धावते.

वाहन कसे करावे याचे खरे व्यवहारी वर्णन मात्र रो याने नव्हे, तर ज्याँ बातिस्त ताव्हेर्निये या फ्रेंच जवाहिऱ्याने केले आहे. त्याचा ग्रंथ १६७६ साली प्रसिद्ध झाला. हा मनुष्य व्यापारी असल्यामुळे त्याचे लक्ष दरांवर असे, आणि म्हणूनच त्याचे लिहिणे आज उपयोगी पडते. दोन बैलांच्या प्रवासी गाडीचे भाडे रोजी सुमारे एक रुपया. सुरत ते आग्रा हा प्रवास पस्तीस ते चाळीस दिवसांचा, आणि सगळ्या प्रवासाचे चाळीस ते पंचेचाळीस रुपये. सुरतेहून गोवळकोंड्याला जावयाचे तरी जवळजवळ तेवढेच अंतर आणि तेवढेच भाडे. दर असा ठरलेला असल्यामुळे घासाघिशीला फारसा वाव उरत नसे. परंतु त्याने सांगितलेली दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. प्रतिष्ठित प्रवाशाने बरोबर वीस-तीस हत्यारबंद शिपाई घ्यावेत, असा त्या काळी रिवाज होता. हे शिपाई ज्या शहरात मिळत तेथे त्यांचा एक नाईक असे. त्यांच्या इमानाबद्दल तो जबाबदार राही आणि कामावर लागणारा प्रत्येक शिपाई त्याबद्दल त्याला दोन रुपये देई. महिन्याचा पगार चार रुपये असताना त्यातले दोन रुपये जामीनकीचे! रक्कम लहान नव्हे. पण परक्या मुलखात अनोळखी माणसांच्या हाती जीव आणि जवाहीर सोपविणाऱ्या प्रवाशाला त्या दोन रुपयांत जे मिळे, ते वीस बंदुकांनीही मिळाले नसते.

आता आजच्या बंदराकडे वळावयास हरकत नाही. बऱ्हाणपूर हे १५ ऑगस्ट २००३ पासून स्वतंत्र जिल्ह्याचे ठिकाण झाले. यंत्रमाग आणि केळी यांच्यावर त्याचा संसार चालतो. मराठी तेथे घराघरांत बोलली जाते. पण प्रवासी विमान तेथे उतरत नाही. परदेशाहून येणाऱ्यांची संख्या मात्र कमी नाही. नोकरीनिमित्त आखाती देशांत किंवा त्याहून दूर गेलेले लोक सुटीवर येतात, हज आणि उमऱ्याहून यात्रेकरू परततात, आणि दर्गा-ए-हकीमी या दाऊदी बोहरा समाजाच्या श्रद्धास्थानाला तर देशोदेशींहून माणसे येतात. यांतले बहुतेक मुंबईला उतरतात. काही इंदूरला उतरतात; तेथून दुबईचे पहिले उड्डाण १५ जुलै २०१९ रोजी झाले. मुंबईपासून बऱ्हाणपूर सुमारे पाचशे किलोमीटर, इंदूरपासून सुमारे एकशे ऐंशी. मुंबईची वाट कसारा घाट चढून नाशिक, धुळे, जळगाव, भुसावळ, मुक्ताईनगर अशी इच्छापूरला येते. इंदूरची वाट सिमरोळचा घाट उतरून बडवाह, सनावद, खंडवा करीत अशीरगडाच्या पायथ्याने येते. मधे मोरटक्क्याला नर्मदा ओलांडावी लागते आणि मोठ्या पुरात तो पूल बंद ठेवावा लागतो; २०२३ च्या सप्टेंबरात असे घडले आहे. श्रावणात ओंकारेश्वराची गर्दी वाटेत भेटते ती वेगळीच.

विमानतळावर उतरलेल्या माणसापुढे गाडीचे जे मार्ग असतात, त्यांची परीक्षा ताव्हेर्नियेच्या कसोटीवर करून पाहावी. येथला नाईक कोण?

आधी पैसे भरून टॅक्सी देणाऱ्या खिडकीचे तत्त्व अगदी जुने आहे. पैसे खिडकीवर भरावयाचे. चिठ्ठीवर गाडीचा क्रमांक आणि मुक्काम लिहिलेला असतो. ती चिठ्ठी मुक्कामी पोहोचल्यावर चालकाच्या हाती द्यावयाची. चिठ्ठी हातची जाईपर्यंत चालक बांधलेला राहतो. पुष्कळ उतारू गाडीत बसताबसताच ती चालकाला देऊन टाकतात; त्याबरोबर त्यांच्या हातातला एकमेव लगामही सुटतो. मात्र शहरी टॅक्सी शहरापुरती असते. मुंबईची ओळख बनून राहिलेली प्रीमियर पद्मिनी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून गेली, तरी काळ्या-पिवळ्या रंगाची टॅक्सी आहेच. ती स्टेशनापर्यंत नेईल, बऱ्हाणपूरपर्यंत नव्हे. ज्याचे सामान बेताचे आणि अंगात त्राण आहे, अशा उतारूने दादर किंवा कल्याण गाठून भुसावळ–खंडवा मार्गाची आगगाडी धरावी, हा सल्ला अजूनही शहाणपणाचा ठरतो.

भ्रमणध्वनीवरून गाडी मागविण्याची सोय गेल्या दशकात सर्वत्र झाली. येथे नाईक आहे, पण तो दिसत नाही. चालकाचे नाव, गाडीचा क्रमांक, वाट आणि वेळ यांची नोंद राहते, हा मोठाच फायदा; मात्र काही बिघडल्यास दाद मागावयाची ती एका यंत्राकडे. साध्या दृष्टीने पाहिले तर नोंद ही अर्धी जामीनकी होय. म्हणून येणारी गाडी आणि पडद्यावरचा क्रमांक एकच आहे की नाही, हे बसण्यापूर्वी ताडून पाहावे. क्रमांक जुळत नसेल, तर ती अर्धी जामीनकीही उरत नाही.

बाहेरच्या दारात स्वतः होऊन पुढे येणारा, पेटी हातात घेणारा आणि 'साहेब, खिडकीपेक्षा स्वस्त नेतो' म्हणणारा जो मनुष्य, त्याला नाईक नाही. तो खोटाच असेल असे नव्हे. कदाचित तो अत्यंत सज्जनही असेल. पण तो कोण हे कोणालाच ठाऊक नाही, आणि सोबत म्हातारी आई असताना सज्जनपणाची परीक्षा महामार्गावर घ्यावी, हे काही बरे नव्हे.

गाडीची पाटी पाहण्याची सवय प्रत्येकाने लावून घेण्यासारखी आहे. पिवळ्या पाटीवर काळी अक्षरे असली तर ती चालकासह भाड्याने चालणारी गाडी. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे असली तर ती उतारूने स्वतः चालवावयाची भाड्याची गाडी. १९८९ च्या केंद्रीय योजनेखाली अशा गाड्यांना परवाने मिळू लागले. पांढऱ्या पाटीवर काळी अक्षरे असली तर ती खासगी गाडी, आणि भाडे घेऊन चालविण्याचा अधिकार तिला नाही. लहान गावांत मात्र पांढऱ्या पाटीची गाडी सर्रास 'केली' जाते. मालक ओळखीचा, गाडी नवीकोरी, दर कमी, मग बिघडले कोठे? बिघडत नाही तोवर काहीच नाही. अपघात झाला आणि गाडी भाड्याने नेली होती असे सिद्ध झाले, म्हणजे विमा कंपनी जबाबदारी नाकारू शकते, आणि कोर्टाच्या खेपा जखमी माणसाच्या नशिबी येतात. किलोमीटरमागे वाचलेले दोन-तीन रुपये तेथे कामास येत नाहीत. राज्याची हद्द ओलांडावयाची म्हणून पिवळ्या पाटीच्या गाडीजवळही अखिल भारतीय पर्यटक परवाना आहे ना, हे विचारून घ्यावे. इच्छापूरच्या सीमेवर मध्यरात्री हा प्रश्न निघालेला बरा नव्हे.

पाश्चात्त्य देशांत ही सगळी रीतच निराळी. तेथे 'कार भाड्याने' याचा अर्थ गाडी आहे, चालक नाही. शिकागोत १९१८ साली वॉल्टर जेकब्स या तरुणाने डझनभर फोर्ड गाड्या घेऊन हा धंदा सुरू केला; पुढे तो हर्ट्झ या नावाने जगभर पसरला. या धंद्याला विमानतळावर ठाण मांडावयास लावले ते प्रामुख्याने वॉरन एव्हिस याने. युद्धात तो हवाई दलात होता. विमानाने शेकडो मैल काही तासांत काटता येतात, पण विमानतळापासून गावात जावयास वाहन मिळत नाही, ही अडचण त्याने अनुभवली होती. १९४६ साली डेट्रॉइटजवळच्या विलो रन विमानतळावर त्याने आपले दुकान थाटले. तेथे नाईकाची जागा कागदाने आणि पतपत्राने घेतलेली आहे. परदेशी गेलेल्या मुलाकडे जाणाऱ्या आणि तेथे स्वतः गाडी चालवू पाहणाऱ्या मनुष्याने हे ओळखून असावे. त्या देशात आपला परवाना चालतो का, हे आधी पाहावे लागते. पुष्कळ ठिकाणी मूळ परवान्याबरोबर आंतरराष्ट्रीय चालन परवाना मागतात. तो येथल्याच प्रादेशिक परिवहन कार्यालयातून फार तर एक वर्षाच्या मुदतीचा मिळतो. पतपत्र बहुधा चालविणाऱ्याच्याच नावाचे लागते. अनामत म्हणून त्यावरची मोठी रक्कम अडवून ठेवतात. ती खर्ची पडत नाही, पण गाडी परत करून झाल्यावरही काही दिवस हाती येत नाही, आणि नेमके त्याच दिवसांत हॉटेलात पैसे भरावयाचे असतात. विम्याचे कलम बारीक अक्षरांत असते. 'विमा आहे' याचा अर्थ बहुतेक वेळा असा की, नुकसानीचा ठरावीक रकमेपर्यंतचा पहिला भार गाडी घेणाऱ्यानेच सोसावयाचा आणि त्यापलीकडचा तेवढा कंपनीने. म्हणून गाडी हाती येताच तिच्याभोवती फेरी मारून प्रत्येक ओरखड्याचे छायाचित्र काढावे. तेथील कारकुनाला त्याचे नवल वाटत नाही. न काढणाऱ्याचेच वाटत असेल.

आता आपल्या वाटेचा हिशेब. बाहेरगावच्या भाड्यात ज्या एका गोष्टीने लोक चकतात, ती म्हणजे परतीचे रिकामे अंतर. गाडी बऱ्हाणपूरला सोडून रिकामी जाणार असली तरी तिचे इंधन जळतेच, म्हणून भाडे दोन्ही वाटांचे लागते. शिवाय दिवसाला किमान किलोमीटर धरलेले असतात, बहुधा अडीचशे किंवा तीनशे; गाडी कमी चालली तरी तेवढ्याचे पैसे द्यावे लागतात. वर चालकाचा भत्ता, पथकर आणि विमानतळावरचे वाहनतळाचे शुल्क. अंतर गाडीच्या मालकाच्या दारापासून मोजावयाचे की विमानतळापासून, हेही आधी लिहून घ्यावे. समजा, दर किलोमीटरला पंधरा रुपये आहे आणि दिवसाचे किमान अंतर तीनशे आहे. इंदूरहून गाडी केली तर जाऊन-येऊन तीनशे साठ किलोमीटर, म्हणजे ५,४०० रुपये. मुंबईहून केली तर हजार किलोमीटर, म्हणजे १५,००० रुपये. आणि मुंबईला गाडी न करता बऱ्हाणपूरहूनच बोलावून घेतली तर? जाताना रिकामी, येताना भरलेली: पुन्हा हजारच किलोमीटर आणि पुन्हा पंधरा हजारच रुपये.

हिशेब असा समसमान सुटत असल्यामुळे बऱ्हाणपूरची पुष्कळ कुटुंबे गावातली गाडी विमानतळावर पाठवितात, आणि त्यात ती चूक करीत नाहीत. चालक ओळखीचा, त्याचे घर माहीत, मालकाशी दोन पिढ्यांचा व्यवहार. नाईक गावातच बसलेला आहे. भाषेची अडचण नाही, आणि म्हातारपणी गुडघे दुखणाऱ्या माणसाला वाटेत कोठे थांबवावे हे त्याला सांगावे लागत नाही. विश्वासाच्या बाजूने पाहिले तर ही व्यवस्था सर्वांत उत्तम. पण तिच्यात एक मोठा दोष आहे, आणि तो जिवावर बेतणारा आहे.

आखातातून येणारी पुष्कळ विमाने रात्री उशिरा किंवा पहाटे उतरतात. समजा, विमान पहाटे तीनला येणार आहे. गाडी आदल्या दिवशी दुपारी चारला बऱ्हाणपूरहून निघते, दहा-अकरा तास चालून तीनला विमानतळावर पोहोचते. तासा-दीड तासाने सामान घेऊन माणसे बाहेर येतात. पेढा हाती ठेवला जातो, आणि तोच चालक तीच गाडी घेऊन पहाटे साडेचारला परत निघतो. पाचशे किलोमीटर आणखी. कसाऱ्याचा घाट तो चोवीस तासांच्या जागरणाच्या तोंडावर चढतो, आणि धुळ्यापुढचा सरळ रस्ता दुपारच्या उन्हात येतो. मागे बसलेली माणसेही विमानातल्या जागरणाने झोपलेली, म्हणजे त्याच्याशी बोलावयासही कोणी जागे नाही. मोटार वाहतूक कामगारांसाठी १९६१ साली झालेल्या कायद्याने दिवसाला आठ तास काम आणि सलग पाच तासांनंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती असे माप घालून दिले होते. येथे त्या मापाची अडीचपट झाली. चालक नाही म्हणत नाही, कारण फेरी गेली तर दुसऱ्याला मिळेल. मालक बोलत नाही. घरची माणसे विचारीत नाहीत, कारण भत्ता वाढेल असे त्यांना वाटते.

वस्तुतः खर्च वाढत नाही. वरच्याच हिशेबाकडे पुन्हा पाहावे. भाडे हजार किलोमीटरचे आहे. दोन दिवसांचे किमान अंतर सहाशे. गाडी त्याच दिवशी दुपारी चारऐवजी सकाळी सहाला निघाली, तरी दिवस दोनच, किलोमीटर हजारच. पंधरा हजारांत एक रुपयाचीही भर पडत नाही. चालक संध्याकाळी पाचला मुंबईत पोहोचतो, जेवतो, आणि त्याला आठ तास पाठ टेकावयास मिळते. खर्च एका खाटेचा. विमान एक दिवस लांबले आणि तिसरा दिवस लागला, तरी किमान अंतर नऊशेच होते, हजाराच्या आतच राहते. जास्त द्यावयाचा तो एका दिवसाचा भत्ता आणि वाहनतळाचे शुल्क. दहा तासांची निकड नसेल तर नाशिक किंवा धुळे येथे थांबून दोन टप्प्यांत यावे, हे त्याहून बरे. आणि इंदूरहून येणे शक्य असेल, तर अवघ्या एकशे ऐंशी किलोमीटरांची ती वाट, घाट आणि पूल धरूनही, चालकाच्या एका दिवसाच्या मापात बसते. विमानाचे तिकीट थोडे महाग पडले तरी ही गोष्ट तराजूत घालून पाहावी.

ताव्हेर्नियेने आपल्या गाडीच्या बैलांविषयीही लिहून ठेवले आहे. निम्मी मजल झाली की प्रत्येक बैलाला कणकेत लोणी आणि गूळ मळून केलेले दोन-तीन गोळे देत, आणि संध्याकाळी भरडून अर्धा तास पाण्यात भिजविलेले हरभरे. त्याच्या शेवटच्या प्रवासातल्या बैलजोडीला सहाशे रुपयांच्या आसपास पडले होते, तेव्हा मालक त्यांना उपाशी आणि अनिद्र चालविणार नव्हता, हे उघडच आहे. आजच्या गाडीत इंधनाचा काटा प्रत्येकजण पाहतो. चालक किती वाजल्यापासून जागा आहे हे सांगणारा काटा समोर नसतो. ते गाडी ठरविताना दूरध्वनीवरच विचारावे लागते, आणि विमानतळावर पेट्या चढविण्यापूर्वी पुन्हा एकदा. चेहरा ओढलेला दिसला तर तेथेच दोन तास झोपू द्यावे. घरी वाट पाहणाऱ्यांना कळविले की झाले.

मुंबईची किंवा इंदूरची गाडी बऱ्हाणपूरला आली असेल, तर शनवाऱ्यात शिरताना किलोमीटरचा आकडा पाहून टिपून ठेवावा, पथकराच्या पावत्या मिळवून घ्याव्यात, आणि पैसे चुकते करावेत. त्यानंतर त्या चालकाला रिकामी गाडी घेऊन तितकेच अंतर परत जावयाचे असते. ओसरीवर पंखा आणि सतरंजी असतेच; जेवण झाल्यावर त्याला तेथे चार तास पडू द्यावे, आणि ऊन कलल्यावर निघावयास सांगावे.